ऑलिव्हच्या लाकडाची स्वयंपाकघरातील साधने: निवड, तेलपाणी आणि निगा

तीन वर्षांपूर्वी नात्यातील एकाने ट्युनिशियातील स्फाक्स शहराहून ऑलिव्हच्या लाकडाच्या दोन सारख्या फळ्या आणल्या. एक आमच्या नागपूरच्या घरी राहिली आणि दुसरी बहिणीकडे रत्नागिरीला गेली. पुढच्या मे महिन्यात नागपूरच्या फळीला टोकाकडून बोटभर लांब चीर गेली आणि जुलैत रत्नागिरीच्या फळीच्या मागच्या बाजूला काळ्या बुरशीचे ठिपके उमटले. दोन्ही फळ्या एकाच दुकानातल्या आणि सारख्याच जाडीच्या होत्या. नागपुरात लाकडातले पाणी फार वेगाने बाहेर गेले आणि रत्नागिरीत ते फार काळ आत रेंगाळले. ऑलिव्हची साधने निवडताना, धुताना, त्यांना तेल लावताना आणि दुरुस्त करताना ज्या ज्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्या बहुतेक सगळ्या पाण्याच्या या ये-जा करण्याशी निगडित आहेत. त्यामुळे पुढील प्रत्येक पायरी सांगताना तिच्यामागचे कारणही दिले आहे. कारण कळले की आपल्या गावच्या हवेप्रमाणे तिच्यात फेरफार करता येतो.

या लाकडाची प्रकृती

ऑलिव्हला मराठीत जैतून असेही म्हणतात. मराठी ख्रिस्ती समाजाला बायबलमधील जैतुनांचा डोंगर हे नाव पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे आणि पवित्र भूमीच्या यात्रेहून परतलेल्यांच्या घरी बेथलेहेमच्या कारागिरांनी याच लाकडात कोरलेला क्रूस किंवा गव्हाणीचा देखावा पाहायला मिळतो. चमचे, उलथणी, फळ्या, खलबत्ते ही स्वयंपाकाची साधने मात्र मुख्यतः ट्युनिशिया, इटली, ग्रीस आणि स्पेन या देशांतून येतात. झाड म्हणून ऑलिव्ह आपल्याला वाटते तितके परके नाही. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही त्याच्याच कुळातली आहेत आणि सह्याद्रीतील पारजांभूळ हे तर त्याचे आणखी जवळचे नातलग आहे.

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा लांब आणि कोरडा असतो आणि ऑलिव्हच्या बागा बहुधा दगडाळ, उथळ जमिनीत असतात. तेथे हे झाड अतिशय सावकाश वाढते. त्याच्या लाकडातील नलिका बारीक असतात आणि लाकूड दाट भरते. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरमागे हजार किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतके भरते, तर सागवानाचे साधारण साडेसहाशे किलो भरते. लाकडाचा कठीणपणा मोजताना सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी त्यात अर्धी रुतवण्यासाठी किती जोर लागतो हे पाहतात. सागवानाला सुमारे ४,७०० न्यूटन लागतात आणि ऑलिव्हला सुमारे १२,०००. या घट्टपणामुळे आमटीत फिरणारा चमचा पटकन पाणी पीत नाही, त्याची कड झिजत नाही आणि फळीवर सुरीचे चरे उथळ राहतात.

परंतु याच लाकडाची दुसरी बाजू विक्रेते सहसा सांगत नाहीत. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत आकसते. वर्षवलयांच्या दिशेने मोजले तर सागवान साधारण ५.३ टक्के आकसतो आणि ऑलिव्ह ८.८ टक्के. वाळल्यानंतरही हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगते आणि आकसते. भर उन्हाळ्यात विदर्भातल्या घरात लाकडामध्ये त्याच्या वजनाच्या पाच-सहा टक्के ओल उरते, तर पावसाळ्यात कोकणात ती अठरा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. या हिशेबाने २० सेंटिमीटर रुंदीची फळी या दोन टोकांमध्ये सुमारे सात मिलिमीटरने लहानमोठी होऊ शकते. हा बदल सावकाश आणि सर्व बाजूंनी सारखा झाला तर लाकूड तो सहन करते. एकाच बाजूने किंवा एकाएकी झाला तर फळी वाकते किंवा चिरते.

ज्यासाठी लोक हे लाकूड घेतात ती पिवळसर पार्श्वभूमीवरची गडद तपकिरी नागमोडी नक्षीही झाडाच्या आयुष्यातूनच आलेली असते. ऑलिव्हचे झाड शतकानुशतके जगते, त्याची दरवर्षी छाटणी होते, छाटणीच्या जखमा भरताना लाकडाचे धागे वळसे घेतात आणि म्हातारपणी खोड पिळवटून आतून पोकळ होते. क्रीट बेटावरील वूवेस गावचे प्रसिद्ध पुरातन झाड असेच पोकळ आहे. सरळ, लांब, भरीव खोड क्वचितच मिळत असल्यामुळे एकसंध रुंद फळी दुर्मीळ आणि महाग असते आणि चमचे मात्र त्या मानाने सहज मिळतात. बाग राखली जाते ती तेलासाठी. लाकूड मिळते ते छाटणीतून किंवा फळ देणे थांबलेल्या झाडांतून. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३ मध्ये झायलेला नावाचा जिवाणू आढळला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडतो आणि झाड तहानेने सुकते. अशी लक्षावधी झाडे तेथे गेली. जे झाड रोपापासून पूर्ण वाढण्यास कित्येक दशके लागतात, त्याच्या लाकडाचा चमचा निष्काळजीपणे सिंकमध्ये भिजत पडलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटते.

एका दाव्याबद्दल येथेच स्पष्ट लिहितो. ऑलिव्हचे लाकूड निसर्गतः जंतुनाशक असते, असे वेष्टनांवर छापलेले असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी वेगवेगळ्या जातींच्या लाकडी फळ्यांवर आणि प्लॅस्टिकच्या फळ्यांवर जिवाणू सोडून पाहिले. लाकडावरचे जिवाणू थोड्याच वेळात पुन्हा हाती लागेनासे झाले, तर सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकवरचे हाताने धुऊनही टिकून राहिले. लाकूड पृष्ठभागावरची ओल आत खेचून घेते आणि तिच्याबरोबर गेलेले जिवाणू आतल्या कोरडेपणात तगत नाहीत, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा गुण स्वच्छ आणि कोरड्या लाकडाचा आहे, एकट्या ऑलिव्हचा नाही. म्हणून मासळी आणि कच्चे मटण यांच्यासाठी वेगळी फळी ठेवावी आणि वेष्टनावरच्या शब्दांवर विसंबून धुण्यात हयगय करू नये.

घेताना काय पाहावे

हाताने बनवलेले म्हणजे यंत्राचा स्पर्श नसलेले, असा अर्थ येथे घेऊ नये. कारागीर लाकडाचा ठोकळा पट्टाकरवतीवर कापतो, साच्यावरून आकार आखतो, तो कच्चा आकार सावलीत सावकाश वाळवतो, मग फिरत्या घासचाकावर हाताने धरून घडवतो आणि चमच्याची वाटी गोल पटाशीने किंवा लहान घासचाकाने कोरतो. यातील प्रत्येक वळण त्याच्या मनगटाने ठरते. त्यामुळे एकाच टोपलीतले दोन चमचे हातात घेतले तर मानेची जाडी किंवा वाटीची खोली थोडी तरी वेगळी असतेच. शंभर चमचे तंतोतंत सारखे असतील तर ते नक्कल-यंत्रावर निघाले आहेत असे समजावे. ते वाईटच असतात असे नाही, परंतु हातकामाची किंमत त्यांना देऊ नये.

लाकूड खरे आहे का, हे आधी वजनाने पाहावे. ऑलिव्हचा चमचा दिसतो त्यापेक्षा हाताला जड लागतो. मग नक्षी पाहावी. वरच्या पृष्ठभागावरची गडद रेषा कडेवरून वळून खालच्या बाजूला किंवा टोकाला कोठे तरी पुढे चालू राहिली पाहिजे. ती कडेशीच तुटत असेल तर नक्षी छापलेली किंवा रंगवलेली आहे. न रंगवलेल्या खऱ्या लाकडाला गोडसर, फळासारखा तेलकट वास येतो आणि पॉलिश पेपरने हलके घासले की तो अधिक जाणवतो. ‘ऑलिव्ह अ‍ॅश’ या नावाने मिळणारे लाकूड मात्र ऑलिव्ह नव्हे. ती गडद गाभ्याची अ‍ॅश ही निराळी जात आहे.

चमचा किंवा उलथणे निवडताना माझा एकच आग्रह असतो आणि तो मी दुकानात प्रत्येकाला सांगतो: नक्षी पात्यात असावी, मानेत नसावी. चमच्याची मान हा त्याचा सर्वांत बारीक भाग असतो आणि घट्ट शिरा ढवळताना सगळा ताण तेथेच येतो. मानेतील धागे दांड्याच्या लांबीला समांतर असतील तर चमचा वर्षानुवर्षे टिकतो. तेथेच धागे आडवे किंवा भोवऱ्यासारखे फिरले असतील, तर तो कितीही देखणा असला तरी एक दिवस मानेतून मोडतो. दुर्दैवाने दुकानात नजर खेचून घेणारे नमुने बहुधा असेच असतात. ते शोभेसाठी किंवा कोशिंबीर वाढण्यासाठी घ्यावेत, चुलीवरच्या कामासाठी घेऊ नयेत.

त्यानंतर टोक पाहावे. दांड्याच्या किंवा फळीच्या टोकाशी बारीक वर्तुळे एका ठिपक्याभोवती जमलेली दिसत असतील, तर फांदीचा अगदी मधला भाग त्या तुकड्यात आलेला आहे. असा तुकडा त्या ठिपक्यातून चाकाच्या आऱ्यांसारखा चिरण्याची शक्यता फार असते, म्हणून तो टाळावा. दोन बोटांत दांडा सैल धरून टिचकी मारली असता आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते. गाठी असतील तर त्या घट्ट बसलेल्या आहेत का, हे नखाने दाबून पाहावे. पट्ट्या चिकटवून केलेली फळी निकृष्ट मानण्याचे कारण नाही. पट्ट्या नीट जोडलेल्या असतील तर ती एकसंध फळीपेक्षा कमी वाकते. फक्त तिचे सांधे पाण्यात भिजत राहता कामा नयेत. आणि चकचकीत व्हार्निश लावलेला चमचा घेऊ नये, कारण उष्णतेने आणि घासण्याने तो थर सुटून अन्नात येतो आणि त्याखालच्या लाकडाला तेलही लागत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात सुरुवातीला एक सपाट कडेचे उलथणे आणि एक लांब दांड्याचा चमचा एवढेच घ्यावे, असे मला वाटते. पिठले, शिरा, आटवायचे दूध, खीर, गुळांबा या पदार्थांत तळ सतत खरवडावा लागतो आणि सपाट लाकडी कड ते काम स्टीलच्या डावापेक्षा चांगले करते. आपल्या जुन्या चाटूचे कामही हेच होते. भाकरी, घावन, धिरडी यांच्यासाठी मात्र पातळ धारेचे स्टीलचे उलथणेच लागते, कारण ऑलिव्हची कड तितकी पातळ केली तर ती टिकत नाही. ज्यांच्या घरी अजून पितळेची कल्हई केलेली पातेली वापरात आहेत, त्यांनी तर लाकडी चमचा अवश्य ठेवावा. कल्हईचे कथील मऊ असते आणि स्टीलचा डाव ते खरवडून काढतो, लाकूड काढत नाही. नॉनस्टिक भांड्यांनाही हेच लागू आहे.

वापरण्यापूर्वीची तयारी

नवीन वस्तू घरी आली की ती लगेच धुऊन वापरायला काढू नये. भूमध्य समुद्राकाठच्या हवेतून किंवा वातानुकूलित दुकानातून आलेल्या लाकडाला आपल्या घरच्या हवेशी जुळवून घेण्यास वेळ द्यावा लागतो. वस्तू जाड कागदात किंवा सुती कापडात सैल गुंडाळून, ऊन, पंखा आणि शेगडी यांपासून दूर, आतल्या खोलीत दोन आठवडे ठेवावी. फळी असेल तर ती स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला तोलावी आणि वजन लिहून ठेवावे. लागोपाठ दोन आठवडे वजन बदलले नाही, म्हणजे तिचे हवेशी जुळले. वजन सतत घटत असेल तर ती अजून वाळते आहे. अशा वेळी दोन्ही टोकांना थोडे मेण चोळून ठेवावे, कारण लाकडातील पाणी धाग्यांच्या दिशेने, म्हणजे टोकांतून, कितीतरी पटींनी जलद बाहेर पडते आणि चिरा तेथूनच सुरू होतात.

दुसरी पायरी लव काढण्याची. गुळगुळीत दिसणारे लाकूड पहिल्यांदा भिजले की दबलेले बारीक धागे फुगून उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. हे चमचा खराब असल्याचे लक्षण नाही. ते वापरात घडण्याआधी आपणच घडवून आणावे. वस्तू कोमट पाण्याने सर्व बाजूंनी ओली करून लगेच पुसावी आणि रात्रभर हवेशीर जागी सावलीत वाळू द्यावी. सकाळी ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने धाग्यांच्या दिशेने, जोर न देता, फक्त उभी राहिलेली लव निघेल इतकेच घासावे. पुन्हा ओली करून, वाळवून, या वेळी ४०० क्रमांकाचा कागद वापरावा. बहुतेक वेळा दोन फेऱ्या पुरतात, भोवऱ्याच्या नक्षीच्या ठिकाणी तिसरी लागते. घासताना नाकाला रुमाल किंवा मास्क बांधावा, कारण या लाकडाच्या भुश्शाने डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास होऊ शकतो.

तिसरी पायरी पहिल्या तेलाची आहे आणि तिला स्वतंत्र जागा देणे आवश्यक आहे.

तेल कोणते आणि कसे

तेल लावल्याने लाकूड जलरोधक होते, अशी समजूत आहे. तसे होत नाही. तेल आणि मेण पाण्याची ये-जा सावकाश करतात, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

तेलांचे दोन वर्ग ध्यानात घ्यावेत. जवस आणि अक्रोड यांची तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून लाकडात घट्ट होतात. शेंगदाणा, खोबरेल, ऑलिव्ह ही तेले घट्ट होत नाहीत. ती नुसती मुरतात, धुण्याने हळूहळू निघून जातात आणि साचून राहिली तर खवट होतात. करडई आणि सूर्यफूल मधल्या प्रकारची आहेत, ती न धड सुकतात न धड ओली राहतात आणि पृष्ठभाग चिकट करतात, म्हणून ती लावू नयेत. ऑलिव्हच्या लाकडाला ऑलिव्हचेच तेल लावावे, हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो. रोज वापरून रोज धुतल्या जाणाऱ्या चमच्याला त्याने अपाय होत नाही, पण महिनोन्‌महिने कपाटात राहणाऱ्या फळीला किंवा वाडग्याला खवट वास येतो. खोबरेल तेल शेंगदाण्याच्या मानाने फार उशिरा खवट होते, त्यामुळे कोकणात घरचे खोबरेल अधूनमधून चोळणे वावगे नाही, मात्र ते वरचेवर लावावे लागते.

माझी पसंती जवसाच्या तेलाला आहे. विदर्भात जवस हे घरचे पीक आहे आणि घाण्यावरचे कच्चे तेल आजही मिळते. घेताना ते खाण्याचेच असल्याची खात्री करावी. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते दारे-खिडक्यांसाठी ठीक आहे, चमच्यासाठी नाही. ज्यांना जवसाचा वास किंवा पिवळसर छटा नको असेल, त्यांनी औषधाच्या दुकानातील शुद्ध लिक्विड पॅराफिन वापरावे. ते खवट होत नाही, पण घट्टही होत नाही. अक्रोडाचे तेल उत्तम असले तरी घरात कोणाला सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते टाळावे.

जवस तेल लावताना वस्तू पूर्ण कोरडी असावी. तेल पातेल्यातील गरम पाण्यावर वाटी ठेवून कोमट करावे आणि सुती फडक्याने सढळ हाताने चोळावे, टोकांना अधिक द्यावे, कारण तेथे ते अधिक मुरते. अर्ध्या तासाने जेवढे तेल वर राहिले असेल तेवढे सगळे कोरड्या फडक्याने पुसून काढावे. ही पुसण्याची पायरी टाळणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण वर राहिलेला थर घट्ट न होता चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. एक दिवस हवेशीर जागी ठेवून दुसरा पातळ हात द्यावा. असे तीन किंवा चार हात झाल्यावर वस्तू दोन ते तीन आठवडे तशीच राहू द्यावी, तोवर वासही जातो. लिक्विड पॅराफिन असेल तर रात्रभर मुरू देऊन सकाळी पुसले की पुरते.

येथे एक सूचना अतिशय गंभीरपणे देतो. जवस तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नयेत. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडून ते आपोआप पेट घेऊ शकते. फडके पाण्यात भिजवून मग टाकावे किंवा घराबाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्यावे.

तेलावर मेणाचा हात दिला तर पाण्याचा वेग आणखी मंदावतो. एक भाग शुद्ध मधमाशीचे मेण आणि चार भाग तेल वजनाने घ्यावे, गरम पाण्यावरच्या भांड्यात ते वितळवावे आणि थंड झाल्यावर लोण्यासारखे झालेले मिश्रण झाकणाच्या बाटलीत भरावे. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून त्याला थेट आच देण्याचे कारण नाही आणि ते धोक्याचेही आहे. हा लेप फळ्या, वाडगे आणि दांडे यांच्यासाठी उत्तम आहे. उकळत्या पदार्थात फिरणाऱ्या पात्यावर तो टिकत नाही, तेथे नुसते तेल पुरेसे आहे.

पुन्हा तेल केव्हा लावायचे, हे तारखेवरून ठरवू नये. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर थांबावे, पसरून खाली गडद डाग उमटला तर तेल लावावे.

रोजचा वापर आणि धुणे

लाकूड उष्णता फार कमी वाहून नेते, त्यामुळे उकळत्या खिरीतला चमचाही हाताला चटका देत नाही. चिंच, कोकम, कैरी यांच्या आंबटपणाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही आणि पदार्थाला धातूची चव येत नाही. तरीही चमचा भांड्यातच उभा सोडून झाकण ठेवू नये, कारण वाफेत त्याचे पाते फुगते आणि दांडा कोरडा राहतो. फोडणीच्या कडकडीत तेलात किंवा ज्योतीच्या बाहेर पडणाऱ्या झळेत कड करपते, तेथे स्टीलची पळीच वापरावी.

काम झाले की लगेच कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण यांनी धुवावे, पुसावे आणि हवेत उभे करावे. फळीची एकच बाजू वापरलेली असली तरी दोन्ही बाजू ओल्या कराव्यात, कारण एकच बाजू भिजून फुगली की फळी खोलगट होते. ती वाळवताना आडवी ठेवू नये, कडेवर उभी ठेवावी, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागेल. सिंकमध्ये भिजत ठेवणे आणि डिशवॉशर ही दोन्ही या लाकडाची सर्वांत मोठी शत्रू आहेत. डिशवॉशरमध्ये गरम पाणी, तीव्र क्षार आणि पाठोपाठ कोरडी उष्णता एका तासात मिळते, म्हणजे रत्नागिरीचा जुलै आणि नागपूरचा मे एकाच धुण्यात येतात.

हळदीचा पिवळा डाग घासून जात नाही, पण हळदीतील रंग उजेडाने उडतो. धुऊन वाळवलेली वस्तू सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवावी, बाजू बदलावी आणि हे चार-पाच दिवस करावे. दुपारच्या उन्हात ठेवू नये. लसूण किंवा मासळीचा वास राहिला तर भरड मीठ आणि लिंबाच्या फोडीने धाग्यांच्या दिशेने घासावे, पाच मिनिटांनी धुवावे, वाळवावे आणि तेलाचा एक हात द्यावा. ठेच्यासाठी खलबत्ता घेतला असेल तर तो त्याच कामाला ठेवावा, कारण मिरची-लसणाचा वास त्यातून पूर्ण जात नाही आणि पुढे त्यात कुटलेल्या वेलदोड्याला तो लागतो.

ऋतूंप्रमाणे यात थोडा बदल करावा लागतो. कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर फळ्या बंद कपाटात ठेवू नयेत. त्या उघड्या मांडणीवर, भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवाव्यात आणि धुतल्यावर पंख्याखाली वाळवाव्यात. विदर्भ-मराठवाड्यात मार्च लागताच टोकांना मेणाचा लेप द्यावा, मे अखेरपर्यंत फळी कूलरच्या आणि खिडकीच्या थेट वाऱ्यापासून दूर ठेवावी आणि थेंबाची परीक्षा दर आठवड्याला करावी.

बिघाड आणि दुरुस्ती

बुरशीचे ठिपके वरवरचे असतील तर मीठ-लिंबू, कोवळे ऊन आणि ३२० क्रमांकाचा कागद एवढ्याने निघतात. रत्नागिरीची फळी अशीच साफ झाली. घासल्यावरही काळेपणा खोल दिसत असेल किंवा कुबट वास जात नसेल तर ती वस्तू अन्नासाठी वापरू नये.

लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडून खाली मैद्यासारखी भुकटी पडू लागली, तर आत भुंगा आहे असे समजावे. या लाकडाला किडीची बाधा होते. औषध फवारू नये. वस्तू कोरडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड लाकडावर दव जमते.

दांड्यावरची केसासारखी उभी चीर तेल पाजून वापरता येते. वाटीत किंवा मानेत आडवी चीर गेलेला चमचा मात्र बाजूला काढावा, कारण चिरेत अन्न अडकते आणि तो मोडेल तेव्हा चुलीवरच मोडेल. अन्नाला लागणाऱ्या चिरा मी डिंकाने किंवा गोंदाने भरत नाही. फळीच्या टोकाची चीर वाढत असेल तर ती थांबवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चीर जेथे संपते त्याच्या एक बोट पुढे टोक कापून टाकणे, नवी कड घासून गोल करणे, आणि त्या ताज्या टोकाला त्याच दिवशी तेल आणि मेण देणे. नागपूरच्या फळीचे सुताराकडून सात सेंटिमीटर असेच कापून घेतले. ती आता आखूड आहे, कोथिंबीर आणि लिंबे चिरण्याइतकी, आणि त्यानंतरचा मे महिना तिने नवी चीर न पडता काढला आहे.